लातूरचा जावई आणि फिरकीचा तांब्या

लातूरच्या गोलाईपासून सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत चालत जायला सावकाश माणसालाही फार वेळ लागत नाही, असं मला नंतर पुष्कळांनी सांगितलं. मला जवळजवळ अख्खा दिवस लागला. वाट चुकलो म्हणून नव्हे. चुकलोही, पण एकदाच. मला उशीर झाला तो लातूरकरांच्या चांगुलपणामुळे, आणि चांगुलपणाला तोंड कसं द्यायचं हे आम्हाला नांदेडात कुणी शिकवलं नव्हतं.

मी नांदेडचा. हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झालो. नद्या, डोंगर, पिकं आणि खनिजं यांच्यापलीकडे माणसाला फारसं काही लागत नाही अशी माझी पहिल्यापासूनची समजूत. आमच्या घरात देवधर्माचं खातं शिवकांताकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे. ती लातूरची. लग्न झालं त्या वर्षापासून तिचा एक नेम होता. चैत्रातल्या पहिल्या सोमवारी गोदावरीच्या गोवर्धन घाटावर फिरकीच्या झाकणाचा तांब्या भरायचा, एस.टी.नं लातूरला जायचं आणि ते पाणी सिद्धेश्वराच्या पिंडीवर घालून दुसऱ्या दिवशी परत यायचं. सासरची नदी माहेरच्या देवाला. आधी वडिलांना भेटायच्या निमित्तानं हे चाले. तिचे वडील सिद्धरामआप्पा, गोलाईत त्यांचं भुसार मालाचं दुकान. ते गेले, मग आई गेली, आणि भावांनी दुकान विकून, घर विकून गुलबर्गा गाठलं. तरी हिचा नेम चालूच.

“माहेरात आता माणूस कोणी ऱ्हायलं न्हाई,” ती म्हणायची. “देव तेवढा ऱ्हायलाय. मी गेले न्हाई तर तोबी वळख विसरल.”

लातूरचा वेगळा जिल्हा होऊन दुसरं वर्ष होतं आणि पावसानं दगा दिल्याचंही दुसरं वर्ष होतं. आमच्या गल्लीतल्या हापशाला दिवसभरात जेमतेम पाणी यायचं. अख्ख्या गल्लीत चिखल होता तो तेवढ्या हापशाखाली, आणि आमची बाई नेमकी त्यात घसरली. पाय मोडला. मांडीपर्यंत प्लास्टर. चैत्र लागला तशी ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. मला वाटलं पाय दुखतोय. विचारलं तर म्हणाली, “आवंदा खंड पडला आता. संपलं माजं माहेर.” आणि रडली. ही बाई सहसा रडत नाही, रडवते. मला ते बघवेना.

“मी नेतो पाणी,” मी म्हणालो.

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी आजवर देवळात चप्पल सांभाळण्यापुरताच जात आलेलो.

“पण नवसाबिवसाला म्हणून जाणार नाही,” मी सांगून टाकलं. “पर्यटक म्हणून जाईन. गोलाई बघायची राहिलीय माझी. सोळा रस्ते एका ठिकाणी येतात म्हणे.”

खरोखरच राहिली होती. सासरे होते तोवर मी लातूरला चार-दोनदा गेलो असेन. पण स्टँडवर टांगा यायचा, टांग्यातून उतरलं की जेवणाचं ताट यायचं, आणि ताटावरून उठलं की पुन्हा टांगा. लग्नाच्या वेळचं लातूर तर मी मुंडावळ्यांच्या फटीतून पाहिलेलं.

“कसंबी जावा,” शिवकांता म्हणाली. “पाणी तेवढं देवाच्या डोक्यावर पडू द्या. आन् ऐका. तांब्या भुईला टेकवायचा न्हाई. त्यातलं पाणी वाटेत दुसऱ्या कुणाला द्यायचं न्हाई, देवाच्या नावानं भरलेलं हाय. आन् स्टँडवरनं टांगा करून थेट देवळात जायचं. गोलाईत उतरायचं न्हाई.”

यातल्या पहिल्या दोन आज्ञा मी तंतोतंत पाळल्या, हे आधीच सांगून ठेवतो. पुढं माझ्यावर वाटेल ते आरोप झाले तरी त्या दोन बाबतींत माझ्याकडे बोट दाखवता येणार नाही.

सोमवारी पहाटे मी घाटावर गेलो. गोदावरीची डबकी झाली होती. पायऱ्या संपल्यावर बरंच वाळवंट तुडवून त्यातल्या त्यात नितळ पाणी भरलं, फिरकी घट्ट बसवली आणि लातूरची गाडी धरली. तांब्या मांडीवर. कंडक्टर भला माणूस होता. “मांडीवर हाय तोवर हाय,” तो म्हणाला, “सीटवर ठिवला तर अर्धं तिकीट लागंल.” अहमदपूरच्या स्टँडवर चहा घेतला, तेव्हा हॉटेलवाला कपबशा फडक्यानंच पुसत होता. दोन्ही बाजूंना रानं उघडी पडली होती. मी खिडकीतून पर्यटन करत होतो, पण बघायला तपकिरी रंगाशिवाय काही नव्हतं.

लातूरात मात्र रंगच रंग. जिल्हा नवा, म्हणून जो तो पाट्या रंगवत सुटला होता. जिल्हा हेअर कटिंग, जिल्हा पान मंदिर, जिल्हा सायकल मार्ट. स्टँडवरच्या नळाला मात्र फडकं गुंडाळलेलं. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा, असं मी मनात म्हणालो आणि टांगेवाल्याला सांगितलं, “गोलाईत सोड.”

गोलाई बघण्यासारखी आहे यात शंका नाही. मधोमध देवीचं देऊळ, भोवती गोल दुमजली इमारत, तिच्याभोवती गोल रस्ता, आणि त्या गोलातून चहूकडे फुटलेले सोळा रस्ते. एकात कापड, एकात भुसार, एकात सोनं, एकात मिरची. मी तांब्या काखेत धरून एक चक्कर मारली, भूगोलाच्या मास्तराला शोभेल अशी मान हलवली, आणि आता देवळाकडे निघावं म्हटलं. तर सोळाही रस्ते सारखेच दिसायला लागले. मी कुठून आत आलो तेही कळेना. म्हणून समोरच्या भांड्यांच्या दुकानात गेलो.

दुकानात पितळी घागरी, हंडे, कळशा, बंब छतापर्यंत रचलेले, सगळे लखलखीत आणि सगळे कोरडे. गादीवर कपाळाला भस्माचे पट्टे लावलेला एक गृहस्थ बसला होता. दुकानाच्या पाटीवरून त्याचं नाव गुरुपादप्पा आहे हे कळत होतं.

“सिद्धेश्वराच्या देवळाला कोणता रस्ता जातो?” मी विचारलं.

“शरणु. या, बसा,” तो हात जोडत उठून उभा राहिला. “कोणच्या खात्याचे साहेब?”

नव्या जिल्ह्यात नवा माणूस दिसला की तो साहेबच असायचा. “साहेब नाही. मी पर्यटक आहे.”

“ते हाफिस कुठं आलंय म्हणायचं? जुन्या तहसिलीच्या मागं?”

“ऑफिस नाही हो. नुसता बघायला आलोय. रस्ता तेवढा सांगा.”

गुरुपादप्पानं तोंड उघडलं. मग मागं वळून कोपऱ्यातल्या माठात वाकून पाहिलं. मग तोंड मिटलं. शेजारच्या दुकानाकडे तोंड करून ओरडला, “पानी हाय का रे ग्लासभर?” तिकडून आवाज आला, “कुठलं आप्पा! टँकरच न्हाई आला.” गुरुपादप्पा मटकन गादीवर बसला. त्याचा चेहरा एवढा पडला की मला वाटलं याच्या घरी काही अशुभ घडलं.

“काय झालं?” मी विचारलं.

“वाट सांगता यायची न्हाई मला,” तो म्हणाला.

“माहीत नाही का?”

“मायीत कसं न्हाई? जल्म गेला इथं. पर आमच्या दुकानाची रीत हाय. उंबऱ्यावर आला त्याला आधी पानी द्यायचं, मग बोलायचं. पानी न देता वाट दाखवली म्हंजे हाकलून दिल्यासारखं व्हतंय. माज्या बापानं कुनाला कोरडं लावून दिलं न्हाई, आन् मी देऊ?”

“मला तहान नाही.”

“तहानंचा सवाल न्हाई, साहेब. रीतीचा हाय.”

मी म्हटलं, ठीक आहे, दुसरीकडे विचारतो. तर तो म्हणाला, सगळ्या गोलाईत हीच रीत आणि सगळ्या गोलाईत हीच अडचण. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी चक्कर मारताना दोन-तीन दुकानदार मला बघून लगबगीनं आत का गेले होते. इथं मी चूक केली. सहानुभूती मिळेल म्हणून सांगून बसलो, “अहो, माझी बायको लातूरचीच. सिद्धरामआप्पा भुसारवाल्यांची मुलगी.”

गुरुपादप्पा ताडकन उठला. “शिवकांताचे मालक तुमी? म्हंजे आमचे जावई की!” आणि मग डोक्याला हात लावून पुन्हा बसला. “आता तर मेलोच. जावई दारात आन् घरात पानी न्हाई.”

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी त्याची गत झाली. डोळ्यांत पाणी आलं बिचाऱ्याच्या, तेवढंच पाणी त्या दुकानात होतं. मग त्याची नजर माझ्या काखेकडे गेली.

“जावईबापू, तांब्यात काय हाय?”

“गोदावरीचं पाणी. देवाला चाललंय.”

त्यानं एकदा दुकानाबाहेर बघून घेतलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, “रागाला येऊ नका. त्यातलं घोटभर उसनं द्या.”

“तुम्हाला प्यायला? नाही बुवा. दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही असं बजावलंय तिनं.”

“मला न्हाई ओ! तुमाला द्यायला.”

मी पुन्हा एकदा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारे पुष्कळ पाहिले होते. पण हलवायालाच त्याची मिठाई खिलवणारा मी पहिल्यांदा पाहत होतो. मी भूगोल, तर्क, शिवकांताचा पाय, सगळं पुढे केलं. तो ऐकायला तयार नाही आणि वाट सांगायलाही तयार नाही. शेवटी विचार केला, दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही; मी काही दुसरा कुणी नाही. फिरकी उघडली. गुरुपादप्पानं कपाटातून एक कोरा चांदीचा पेला काढला, त्यात माझ्याकडून पाणी ओतून घेतलं, दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला आणि तृप्त होऊन म्हणाला, “घ्या, पानी घ्या.”

मी प्यालो. कोमट होतं. लगेच त्यानं अगदी रीतसर वाट सांगितली: मिरचीच्या गल्लीनं सरळ जा, पुढं डावीकडं वळा.

मी मिरचीच्या गल्लीला लागलो तोवर बातमी माझ्यापुढं गेली होती. सिद्धरामआप्पाचा जावई आलाय आणि गुरुपादप्पानं त्याला पाणी पाजलंय. मघापर्यंत ज्या दुकानात पाव्हणा दिसला की माणसं आत पळत होती, तिथं आता माणसं उंबऱ्यावर उभी. “जावईबापू, या!” मी म्हणालो, उशीर होतोय. “गुरुपादप्पाचं पानी चाललं, आमचं काय कडू हाय?” मी म्हणालो, अहो, पाणी गुरुपादप्पाचं नव्हतं, माझंच होतं. “मग आमीबी तुमचंच देतो की! आमी काय परके?” याला उत्तर असलं तर मला ते अजून सापडलेलं नाही. एकानं फुलपात्रात दिलं, एकानं काचेच्या ग्लासात, एकानं तर वेलदोड्याची पूड टाकून दिलं. मी घोट लहान घ्यायचा प्रयत्न करत होतो. पण लातूरचा माणूस जावयाला ओतताना हात आखडत नाही, विशेषतः पाणी जावयाचं असलं तर.

गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारी बांगड्यांच्या दुकानात पायरीवर बसली होती. तिनं मला हातानं थांबवलं. नाव शांतम्मा. “शिवकांताचा नवरा न्हवं तू? बस. नुसतं पानी कसं देऊ, गूळ खा.” तिनं माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि माझ्या तांब्यातलं पाणी स्वतःच्या वाटीत घेऊन मला दिलं. गुळानं तहान लागली, म्हणून त्या वाटीवर आणखी एक वाटी झाली. ही गोष्ट मी कबूल करतो, दुसरी वाटी मी मागितली.

“ती न्हाई आली?” शांतम्मानं विचारलं.

मी पायाचं सांगितलं. तिनं चुकचुक केलं. मग म्हणाली, “पायाचं निमित्त आवंदाचं. हिकडं तर ती कवाच येत न्हाई. दरसाल चैतात मी ह्या पायरीवर बसून असते. टांगा जातो हितनं, आन् पोरगी तोंड फिरवून बसलेली असती. हाक मारावी तर टांगा पुढं. बापाचं दुकान दिसू ने म्हनून तोंड फिरवती, कळतंय मला. पर आमी काय दुकानासंगं इकलो गेलो का रे?”

टांगा करून थेट देवळात, गोलाईत उतरायचं नाही, हे बायकोनं का बजावलं ते मला तेव्हा कळलं. मी मांडीवरचा तांब्या पुन्हा काखेत घेतला. तो बराच हलका झाला होता आणि मला भीती वाटली. साधी, खरी भीती. घरी एक बाई भिंतीकडे तोंड करून पडलीय आणि तिचं माहेर मी घोटाघोटानं संपवत चाललोय.

आता कुणाला वाट विचारायची नाही असं ठरवलं. तांब्या उपरण्याखाली झाकला, मान खाली घातली आणि सूर्यावरून दिशा धरली. भूगोलाचा मास्तर आहे, सूर्य असताना मला कुणाची गरज नव्हती. एक बोळ, दुसरा बोळ, एक वाडा ओलांडून तिसरा बोळ, आणि समोर उघडं मैदान येईल म्हणून वळलो तर गोलाई. सोळातल्या कुठल्यातरी भलत्याच रस्त्यानं मी परत गोलाईतच आलो होतो आणि पुढ्यात पितळी हंड्यांची रास चमकत होती.

“आलात?” गुरुपादप्पा उठून उभा राहिला. “बसा. पानी घ्या.”

“आत्ताच दिलंत की!”

“ते जाताना. हे येताना.”

प्यालो. माझ्याच्यानं वाद होईना. मग मात्र त्याला माझी दया आली असावी. त्यानं दुकानावर पोत्याचा पडदा ओढला आणि म्हणाला, “चला, मीच येतो देवळापर्यंत. मग कोन आडवतो बघू.”

अडवलं ते भांड्यांनी. पुढच्या चौकात रस्ता ओलांडून घागरी, डबे, पत्र्याचे ड्रम यांची रांग लागली होती, टँकरची वाट बघत. भांड्यांच्या मागं बायका सावलीला बसलेल्या. मी रांगेतून पाय टाकला, उपरणं सरकलं, तांब्या दिसला आणि तांब्यात पाणी डचमळल्याचा आवाज झाला. त्या चौकात तेवढा आवाज पुरेसा होता.

“थांब! कुठनं आनलं पानी?” पंचफुला नावाची एक धिप्पाड बाई उठली. तीच रांगेची पुढारी दिसत होती.

“नांदेडहून,” मी खरं ते सांगितलं.

“बघा! आमचा टँकर नांदेडला गेलाय!”

चौकात एकच कालवा उठला. आमचा टँकर, आमच्या तोंडचं पाणी, नवा जिल्हा झाला तरी पाणी बाहेरच चाललं. एकीनं माझं धोतर धरलं. गुरुपादप्पा ओरडून सांगतोय, पण कोण ऐकतंय! तेवढ्यात ड्रमवर बसलेला एक पटकेवाला शेतकरी खाली उतरला. औशाकडच्या कुठल्यातरी खेड्यातला, किशनराव नावाचा. तो म्हणाला, “आगं ये, सोडा. गुरुपादप्पा म्हनून ऱ्हायले की जावई हायेत. लातूरचे जावई.”

“कुनाचे?”

“कुनाचे का असंना. इतके दिस आपुन उस्मानाबाद जिल्ह्यात व्हतो, जावई त्या जिल्ह्याचे व्हायचे. आता जिल्हा आपला हाय. पैल्यांदा जिल्ह्याचा जावई रस्त्यात घावलाय, आन् तुमी धोतर वडता?”

धोतर सुटलं. सगळ्या गप्प झाल्या. मी तांब्या पुन्हा उपरण्याखाली सारला, कारण त्या शांततेचा अर्थ आता मला कळायला लागला होता. पंचफुलानं पदर नीट केला. “तसं असंल तर कोरडं कसं लावून द्यावं?” ती म्हणाली.

मी हात जोडले. सांगितलं की हे देवाचं आहे, थोडंच उरलंय, तुम्ही इतक्या जणी आहात. पंचफुलानं त्यावर तोड काढली. तिनं एका घागरीवरचं फुलपात्र घेतलं, माझ्याकडून त्यात पाणी ओतून घेतलं आणि ते रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. प्रत्येक बाईनं त्याला बोट लावलं. पोरीबाळींनी लावलं, किशनरावानं लावलं, एका आंधळ्या म्हातारीचा हात धरून पंचफुलानं लावला. सकाळपासून टँकरची वाट बघणारी ती माणसं. ओठ सुकलेले, टाचा भेगाळलेल्या. एकीनंही त्यातलं थेंबभर तोंडात घातलं नाही. मग ते फुलपात्र माझ्यापुढं आलं.

“सगळ्यांच्या वतीनं घ्या,” पंचफुला म्हणाली.

मी दोन्ही हातांनी फुलपात्र घेतलं आणि प्यालो. हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

देवळात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. गाभाऱ्यात गारवा होता. गुरुपादप्पानं पुजाऱ्याला माझी ओळख करून दिली, ती देऊ नको म्हणून मी त्याला वाटेत दोनदा विनवलं होतं. मी तांब्या उलटा केला. तळाशी जेमतेम ओंजळभर पाणी होतं. ते पिंडीच्या माथ्यावर पडलं, क्षणभर काळा दगड चकाकला, ओघळ खाली आला. गोदावरीहून इतक्या लांब आणलेलं पाणी, आणि देवाच्या वाट्याला एवढंच. पण पडलं. खंड तर पडला नाही, असं मी मनाला समजावतोय तोवर पुजाऱ्यानं शाळुंकेच्या तोंडाशी वाटी धरली. ओघळ त्या वाटीत आला. त्यानं वाटी माझ्यापुढं केली.

“घ्या तीर्थ,” तो म्हणाला. “माहेरच्या देवानंबी जावयाला कोरडं धाडू ने.”

मी गुरुपादप्पाकडे पाहिलं. तो हात जोडून उभा. मी तेही प्यालो. गोवर्धन घाटावर भरलेला तांब्या शेवटच्या थेंबापर्यंत माझ्याच पोटात गेला. पर्यटनाचा हा प्रकार कुठल्याच भूगोलात मी शिकवला नव्हता.

रात्री गुरुपादप्पाच्या घरी मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नांदेड गाठलं. शिवकांता उशाला टेकून बसली होती. प्लास्टरचा पाय पुढं.

“घातलं?” तिनं विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. ओंजळभर घातलं होतंच. पण तीस वर्षं संसार केलेल्या बाईला खोटं सांगायला जी अक्कल लागते ती माझ्यात नाही. मी सगळं सांगितलं. गोलाईत उतरलो, इथपासून.

तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. “देवाचं पाणी तुमी पिलात? सगळं?”

“मी नाही प्यालो. मला पाजलं.”

“कुणी?”

“गुरुपादप्पा भांडीवाल्यांनी. दोनदा.”

“गुरूदादा?” ती थोडी पुढं सरकली. “हायेत अजून? मला ल्हानपणी खांद्यावर घेऊन जत्रा दाखवायचे. आन् कुणी?”

मी मिरचीगल्लीतल्या दुकानांची नावं आठवतील तशी सांगितली. प्रत्येक नावाला ती एकेक गोष्ट जोडत गेली. रांगेतल्या बायकांचं सांगितलं, तेव्हा म्हणाली, “ह्या तर मला वळखतबी न्हाईत.” मी म्हणालो, “ओळखत नव्हत्याच. तरी सगळ्यांनी बोट लावलं.” शेवटी शांतम्माचं राहिलं. ते सांगावं की नाही याचा मी एस.टी.त सबंध वाटभर विचार केला होता.

“बांगड्यांच्या दुकानातली शांतम्मा,” मी म्हणालो. “गूळही दिला. ती दरवर्षी चैत्रात पायरीवर बसते म्हणे. तुझा टांगा जाताना बघायला. विचारत होती, आम्ही काय दुकानाबरोबर विकलो गेलो का.”

शिवकांता पदर तोंडाला लावून बसून राहिली. मी उठून रिकामा तांब्या तिच्या उशाशी ठेवायला गेलो आणि हात आखडला. अजूनही तो भुईला टेकवायचा धीर होत नव्हता. तिनंच तो हातातून घेतला, फिरकी उघडली, आत डोकावून पाहिलं, पुन्हा फिरकी लावली.

“पुढल्या साली मी येणार हाय,” ती म्हणाली. “टांगा गोलाईतच सोडायचा. आन् तांबे दोन घ्यायचे.”

“दोन कशाला?”

“एक देवाला,” शिवकांता डोळे पुसत म्हणाली, “आन् एक त्यांनी आपल्याला पाजायला.”